भट्टीघरातला फोन

दुकानाला सुट्टी असली की या घरातली माणसं एकमेकांच्या तावडीत सापडत. एरवी प्रत्येकाला पळायला जागा होती. एकाला भट्टी, एकाला गल्ला, एकाला मैद्याची कोठी. सुट्टीच्या दिवशी मात्र पीठ मळायचं मोठं टेबल खरवडून धुवायचं, त्याच्याभोवती खुर्च्या मांडायच्या आणि सगळ्यांनी एकत्र जेवायचं, ही अण्णांच्या बायकोने घालून दिलेली पद्धत. ती गेली, पद्धत राहिली. तिच्या माघारी त्या टेबलावर जेवणापेक्षा भांडणंच जास्त झाली. दोघा भावांच्या वाटणीचा विषय तिथेच निघाला होता आणि तिथेच कसाबसा मिटवला गेला होता.

आज सून उशिरा आली. पानं वाढलेली होती. अण्णा नेहमीच्या जागी, भट्टीकडे पाठ करून. त्यांच्या उजव्या हाताला मधला मुलगा, म्हणजे तिचा नवरा, भट्टी सांभाळणारा. समोर धाकटा दीर, गल्ल्यावरचा, ज्याच्या जिभेला हाड नाही असं गिऱ्हाइकंसुद्धा म्हणायची. आणि आज खास बोलावलेली नणंद, टपाल कचेरीत खिडकीवर बसणारी, तीस वर्षं लोकांना ‘पुढच्या खिडकीवर जा’ सांगून घरातही त्याच सुरात बोलणारी. एक खुर्ची रिकामी होती. ती कणीची. सुनेची दहा वर्षांची मुलगी कणी गेले कित्येक आठवडे वरच्या खोलीतून खाली उतरलेली नव्हती.

“बसा वहिनी, गार होतंय,” दीर म्हणाला. “उशिरा येणाऱ्याने भांडी घासायची, हा नियम मी आत्ताच केलाय.”

सून बसली नाही. पर्स खांद्यालाच होती.

“दुकानातल्या फोनवर दवाखान्यातून फोन आला होता,” ती म्हणाली. “कणीचा नंबर लागला होता. कुणी घेतला तो फोन?”

नवऱ्याने हातातला घास खाली ठेवला.

“मी आत्ता तिथूनच आले. इतके दिवस फोन का नाही, म्हणून विचारायला गेले. तिथे नावं लिहून घेणाऱ्या मुलीने संगणकात बघितलं आणि म्हणाली, आम्ही केला होता की. इथे अशी कुणी मुलगी नाही, असं सांगितलं तुमच्याकडून. मग आम्ही नाव काढून टाकलं.”

हे वाक्य तिने वाटेत इतक्या वेळा मनात म्हटलं होतं, की आता ते तिच्या तोंडून सरळ, कोरडं बाहेर आलं. रडू दवाखान्याच्या पायऱ्यांवरच येऊन गेलं होतं.

त्या नंबरासाठी तिने काय काय केलं होतं, ते या टेबलाला माहीत नव्हतं. कणीचं पोट सकाळी शाळेच्या वेळेला दुखायचं, तेव्हापासून सुरुवात. मुलांच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि सगळं उत्तम आहे, लाड थोडे कमी करा, असं हसत सांगितलं. मग ती शाळेच्या फाटकाशी ओकायला लागली. शाळा म्हणाली, आजारपणाचं सर्टिफिकेट आणा. डॉक्टर म्हणाले, आजारच नाही तर सर्टिफिकेट कशाचं देऊ? मोठ्या इस्पितळात मनाचे डॉक्टर होते, पण ते मोठ्या माणसांचे, मुलांना बघत नव्हते. खाजगीत एक बाई होत्या, त्यांची एका बैठकीची फी ऐकून नवरा नुसता हसला होता. आणि त्याचं ते हसणं बरोबरच होतं, हे तिलाही कळलं होतं. राहिला तो एकच दवाखाना. शहरभरातली मुलं आणि आठवड्यातून मोजके दिवस येणारे एकच डॉक्टर. नाव लिहून घेताना त्या मुलीने बजावलं होतं, नंबर आला की आम्ही एकदाच फोन करतो, नको म्हणालात तर नंबर पुढच्याला. तेव्हा कडाक्याची थंडी होती. आता पंखे लागले होते.

तिने दुकानाचा नंबर दिला होता, कारण दुसरा उपाय नव्हता. धाकट्याचा मोबाईल एकदा पीठ मळायच्या यंत्रात पडून मैद्याबरोबर मळून निघाला, तेव्हापासून अण्णांनी भट्टीघरात मोबाईल बंद केले होते. कामाच्या वेळेत सगळ्यांचे मोबाईल वर, कपाटात. खाली फक्त भिंतीवरचा जुना फोन. हात पिठात असायचे म्हणून तो कोपराने बटण दाबून स्पीकरवरच घ्यायचा. या घराचा प्रत्येक निरोप, चांगला-वाईट, उधारीचा, मयताचा, भट्टीघरात सगळ्यांच्या कानावर पडूनच आत यायचा.

“नाव काढून टाकलं म्हणजे?” नवऱ्याने विचारलं.

“म्हणजे काढून टाकलं. पुन्हा लिहिलं मी, शेवटी. पुढच्या थंडीत बघू, म्हणाली.”

*

नणंदेला, म्हणजे कणीच्या आत्याला, आधी वाईट वाटलं आणि लगेच राग आला. वाईट वाटलं की तिला राग यायचाच, आणि तो जवळच्या माणसावर निघायचा. तिने हातातली पोळी ताटात ठेवली आणि धाकट्या भावाकडे वळली.

“तूच असणार.”

“मी?”

“मग कोण? मागे एकाने केकची ऑर्डर द्यायला फोन केला, तर तू काय म्हणालास? हे पोलीस ठाणं आहे, तुमचा गुन्हा सांगा. त्याने घाबरून फोन ठेवला आणि केक दुसरीकडून घेतला.”

“ताई, ती गंमत होती.”

“तुझी सगळी गंमतच असते! त्या पोरीचं वर्ष गेलं तुझ्या गमतीपायी.”

धाकट्याचा चेहरा पडला. आत्याने तो बघितला आणि तिला आणखी चेव आला, कारण ती स्वतःही तितकीशी निर्मळ नव्हती. सुनेने दवाखान्याचं पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा तीच म्हणाली होती, अगं, एकदा का असल्या ठिकाणी नाव लागलं की पुसत नाही, पुढे मुलीच्या जातीला जड जातं. हे सुनेने कुणाला सांगितलं नव्हतं. आत्याला ते आत्ता टोचत होतं आणि त्याच्यावर भावाला ओरडण्याएवढं स्वस्त औषध नव्हतं.

“वहिनी,” धाकटा म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. “मी माझ्या पोटच्या पोरीसारखी धरतो तिला. मला पोर नाही, तुम्हाला माहीत आहे. मी असं सांगेन?”

“नाही सांगणार तुम्ही,” सून म्हणाली. “तुम्ही तर म्हणाला असता, आत्ता घेऊन येतो.”

तो ताटाकडे बघत राहिला. आत्याची नजर मग मधल्या भावाकडे गेली. तो मिठाची वाटी नुसतीच फिरवत होता.

*

मधल्याला कळलं होतं. ‘इथे अशी कुणी मुलगी नाही’ हे शब्द बायकोच्या तोंडून निघाले त्याच क्षणी. त्याला आठवत होतं. दुपारची वेळ होती, तो मागच्या दाराने ट्रे उतरवून घेत होता. आतून फोनचा खरखरता आवाज आला, मग बापाचा आवाज आला, मग बटण दाबल्याचा खटका. आत आल्यावर त्याने कुणाचा फोन म्हणून विचारलं होतं आणि अण्णा म्हणाले होते, चुकीचा नंबर. तेव्हा त्याला काही वाटलं नव्हतं. बाप खोटं बोलतो, हे त्याच्या हिशेबातच नव्हतं.

आता बोलावं की नाही? बोललं तर म्हातारा सगळ्यांदेखत उघडा पडणार. नाही बोललं तर धाकटा उगाच मार खाणार. जन्मभर तो या दोघांच्या मध्ये बसला होता, टेबलावरही आणि एरवीही. भट्टीजवळचं काम त्याने त्याचसाठी मागून घेतलं होतं, तिथे बोलावं लागत नाही.

“जाऊ दे ना आता,” तो म्हणाला. “कुणी का घेतला असेना. पुन्हा नाव लिहिलंय ना?”

सून त्याच्याकडे बघत राहिली. लग्नाला बारा वर्षं झाली होती. तिला त्याचं ‘जाऊ दे’ नीट ओळखता येत होतं.

“तुम्हाला माहीत आहे,” ती म्हणाली.

“मला आत्ता कळतंय.”

“आत्ता कळतंय आणि आत्ताच झाकताय. मी तिला रोज रात्री धरून बसते हो. छातीत धडधडतंय, मी मरणार का, म्हणून विचारते ती. रोज. आणि मी सांगते, थांब राणी, फोन येईल, मग डॉक्टर आपल्याला सांगतील काय करायचं ते. दुसरं काही नाही माझ्याकडे तिला द्यायला. आणि तुम्ही म्हणता, कुणी का घेतला असेना!”

“मी घेतला,” अण्णा म्हणाले.

*

ते त्यांनी पानाकडे बघतच सांगितलं. मग त्यांनी पाण्याचा पेला उचलला, पण तो तोंडाशी नेला नाही.

“भट्टीघर आणि दुकानामधला पडदा उघडा होता. गल्ल्यावर शाळेतल्या बाई उभ्या होत्या, टोस्ट घ्यायला. हा धाकटा कोठीत गेला होता. माझे हात कोपरापर्यंत पिठात. मी बटण दाबलं तर ती फोनवरची पोरगी मोठ्याने म्हणते, मुलांच्या मानसोपचार विभागातून बोलतेय. आणि कणीचं शाळेतलं नाव घेतलं, आडनावासकट. त्या बाईंनी मान वळवली. मला काही सुचलं नाही. मी म्हटलं, इथे अशी कुणी मुलगी नाही. आणि बटण दाबलं.”

“पण नंतर?” आत्या म्हणाली. तिचा आवाज आता वेगळा होता. “अण्णा, नंतर वहिनीला सांगायचं होतं. तिने त्याच दिवशी उलटा फोन केला असता.”

“रोज सांगणार होतो.”

“मग?”

“मग रोज नाही सांगितलं.”

अण्णांना खरं तर आणखी पुष्कळ सांगायचं होतं, पण ते गेली साठ वर्षं कुणाला सांगितलेलं नव्हतं, त्यामुळे ते कुठून सुरू करायचं हेच त्यांना कळेना. मुलांना एवढंच माहीत होतं की अण्णांना एक मोठी बहीण होती आणि ती लहानपणी गेली.

“आक्का लहानपणी गेली नाही,” ते म्हणाले. “तिला नेली. मी कणीएवढाच होतो. तिला झोप येत नसे, सारखी दारं तपासायची, रडायची. हवापालटाला नेतो म्हणून वडिलांनी नेली आणि एकटेच परत आले. थोड्या दिवसांनी आणू म्हणाले. ती तिथेच म्हातारी झाली. आणि तिला नेल्याचं गल्लीत कळलं, तसा लोकांनी आमचा पाव घ्यायचा सोडला. वेड्यांच्या घरचं पीठ. वडील टोपली डोक्यावर घेऊन गावाबाहेरच्या वस्तीत विकायला जायचे, जिथे आम्हाला कुणी ओळखत नव्हतं.”

“तुम्ही भेटायला गेला होता कधी?” मधल्याने विचारलं.

अण्णांनी मान हलवली. नाही.

सुनेला म्हाताऱ्याची दया आली. ही दया तिला आत्ता नको होती, तिला रागच हवा होता. रागावर तिची आजची दुपार तरी निघाली असती.

“अण्णा,” ती म्हणाली, “आक्कांना कुणी डॉक्टरकडे नेलं नाही. त्यांना टाकून आले. मी कणीला टाकायला निघाले नव्हते. तिने पुन्हा इथे, या खुर्चीवर येऊन बसावं, एवढ्यासाठी नंबर लावला होता.”

“कळतंय मला, पोरी.”

“आता कळून काय करू मी त्याचं?”

असं ती सासऱ्याशी कधी बोलली नव्हती. कुणी तिला थांबवलं नाही. आत्याने उठून तिच्या खांद्यावरची पर्स काढली आणि तिला खुर्चीवर बसवलं, आणि स्वतः तिच्या बाजूला उभी राहिली, बापाच्या समोर. अशी ती आयुष्यात पहिल्यांदाच उभी राहिली असेल.

धाकटा इतका वेळ काहीतरी आठवत होता.

“अण्णा,” तो म्हणाला, “दुपार होती म्हणालात ना? मग कणी कुठे होती?”

त्या दिवसांत कणी शाळेत जात नसली तरी दुपारी खाली यायची. मैद्याच्या पोत्यांवर पाय दुमडून बसायची, भट्टीची ऊब घेत, काकाचे भिकार विनोद ऐकत. घरात तेवढी एकच जागा होती जिथे तिची छाती धडधडत नसे.

“पोत्यांवर होती,” अण्णा म्हणाले.

“आणि फोन स्पीकरवर.”

“हो.”

“तेव्हापासूनच ती खाली यायची थांबली,” धाकटा म्हणाला.

*

अण्णांनी जिना चढायचा ठरवला, तेव्हा सून त्यांच्या मागोमाग उठली. गुडघ्यांमुळे अण्णा वर जात नसत, त्यांची खोली खालीच होती. कठड्याला धरत, थांबत थांबत ते चढले. खाली तिघं जण टेबलाशी उभे होते.

खोलीचं दार लोटलेलं होतं. पडदे ओढलेले. कणी पलंगावर नव्हती, खुर्चीवरही नव्हती. कपाट आणि भिंत यांच्यामधल्या बोळकांडीत गुडघे पोटाशी घेऊन बसली होती, दारातून दिसणार नाही अशी.

अण्णा पलंगाच्या कडेवर बसले. त्यांना दम लागला होता.

“कणू. त्या दिवशीचा फोन तू ऐकला होतास का गं?”

“हो,” कणी म्हणाली. ती अगदी हळू बोलायची हल्ली. आईला वाटलं होतं, आजार वाढलाय.

“मग आईला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही खोटं बोललात ना, अण्णा. मी सांगितलं असतं तर तुम्ही पकडले गेला असतात.”

अण्णांनी सुनेकडे बघितलं. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

“त्या फोनवरच्या बाई बघायला आल्या असत्या तर?” कणी सांगत राहिली, जणू कुणीतरी विचारायचीच ती वाट बघत होती. “खरंच मुलगी नाही ना, म्हणून. मी पोत्यांवर बसले असते तर पडद्यातून दिसले असते. खिडकीत पण रस्त्यावरून दिसतं. म्हणून मी खिडकीपाशी जातच नाही. नळ पण हळू सोडते. चालताना मोजे घालते. त्या दिवशी खाली शाळेतल्या बाई होत्या, त्यांना माझं नाव माहीत आहे, त्यांनी सांगितलं असतं तर? मग तुम्हाला विचारायला पोलीस आले असते. रोज रात्री मला वाटतं, उद्या येतील.”

आईने तोंडावर हात धरला. पडदे, नळ, मोजे, कुजबुजणं. ही सगळी लक्षणं तिने मनात नीट रचून ठेवली होती, डॉक्टरांना सांगायला. त्यांचं मूळ खाली फोनपाशी होतं आणि पोर एकटी म्हाताऱ्याची राखण करत बसली होती.

अण्णा कपाटापाशी खाली बसायला गेले. गुडघे ऐकेनात, तेव्हा भिंतीला धरून त्यांनी कसंबसं अंग सोडून दिलं आणि जमिनीवर आदळले. आता त्यांचं आणि कणीचं तोंड एका उंचीवर आलं.

“कुणी येत नाही, कणू. कुणी यायचं नव्हतंच. मी चुकलो. मी घाबरलो आणि चुकलो. उद्या मी आईबरोबर जातो आणि त्या बाईंना सांगतो, आहे आमच्या घरात मुलगी. माझी नात आहे.”

“त्या रागावतील तुम्हाला.”

“रागावू देत. मला कुणी रागवायची सवय नाही, पण होईल.”

कणीने त्यांच्याकडे नीट बघितलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसत नव्हते. तिने आपल्या बाहीने त्यांचा एक गाल पुसला.

“मग आता मी दिसले तरी चालेल?”

“चालेल गं. काकाला दीस, आत्याला दीस, त्या टोस्टवाल्या बाईंना दीस. सगळ्या गल्लीला दिसू दे.”

ती उठली. आईने वाट सोडली. पाठीमागे अण्णा कपाटाला धरून उठायची धडपड करत होते आणि आईने त्यांना एका हाताने आधार दिला, पण डोळे कणीवरून काढले नाहीत. कणी दारातून बाहेर आली, जिन्याच्या तोंडाशी गेली आणि तिने कठडा धरला. खाली आत्याने वर बघितलं. धाकट्याने रिकामी खुर्ची थोडी मागे ओढली, ती बसू शकेल एवढी. कणीचा बाप जिन्याच्या पहिल्या पायरीशी येऊन उभा राहिला आणि त्याने हात पुढे केला.

“ये बाळा,” तो म्हणाला. “मी आहे इथे.”

कणीने एक पाय उचलला. तो पायरीवर टेकायच्या आत तिने मागे घेतला. पुन्हा उचलला. कठड्यावरची तिची बोटं पांढरी पडली, श्वास तोकडा झाला आणि अर्ध्यातच अडकायला लागला. मग ती जिथे होती तिथेच, जिन्याच्या तोंडाशी, खाली बसली. अण्णा लंगडत तिच्यापाशी येऊन पोचले होते. तिने त्यांच्याकडे मान वर करून बघितलं, आणि आपण सांगतोय त्यावर त्यांचा विश्वास बसेल की नाही, याची तिला फार काळजी वाटत होती.

“मी आता लपत नाहीये, अण्णा,” ती म्हणाली. “खरंच लपत नाहीये. पण मला येताच येत नाहीये.”